गाडी पिंपळाखाली, पॉइंट ओट्यावर

तुम्ही विजेवरची गाडी घेतलीत, त्याबद्दल प्रथम अभिनंदन. शोरूममध्ये तिला हार घातला, चाकांखाली लिंबे चिरडली, परतताना वाट वाकडी करून मनुदेवीचे दर्शन घेतले, आणि रात्री घरी पोचल्यावर लक्षात आले की गाडी गल्लीत शिरतच नाही. आपल्या खानदेशातल्या जुन्या गावांच्या गल्ल्या अशा आहेत की समोरून दुसरी बैलगाडी आली, तर एकीला मागे सरावे लागे. तिथे तुमच्या गाडीचे आरसे मिटूनही भागत नाही. तेव्हा गाडी पाराजवळ पिंपळाखाली उभी राहिली, चार्जर लावायचा विजेचा पॉइंट राहिला घराच्या ओट्यावर, आणि मध्ये राहिले तीस मीटर. चार्जरची स्वतःची वायर पाच मीटर. उरलेल्या पंचवीस मीटरांविषयी सोबतच्या पुस्तिकेत ‘एक्स्टेन्शन वापरू नये’ एवढेच छापलेले असते. पुस्तिका लिहिणाऱ्याने तुमची गल्ली पाहिलेली नसल्यामुळे त्याचे मनावर घेण्याचे कारण नाही.

पहिला प्रश्न वायरचा. ती विकत आणू नये. पोरीच्या लग्नात मांडवाला लायटिंग केले होते, त्यातली एक एमएमची (म्हणजे तारेचा छेद एक चौरस मिलिमीटर), तीन तारांची वायर माळ्यावर गुंडाळून ठेवलेली असतेच. ती तांब्याची आहे, तीन तारांची आहे आणि लग्नात एकदाही दगा न दिलेली आहे. मग आणखी काय पाहिजे? मांडवात तिच्यावर चार ट्यूब आणि एक पंखा होता आणि आता तिच्यातून सलग आठ-दहा तास पंधरा अँपियर जाणार आहेत, असल्या बारीकसारीक फरकांकडे पाहू लागलो तर माणसाचे एकही काम व्हायचे नाही.

येथे मला तुमचे विशेष कौतुक वाटते, कारण मागच्या वर्षी केळीच्या मळ्यातल्या बोअरमध्ये पाच एचपीची मोटार सोडताना तुम्ही असे अजिबात वागला नव्हता. तेव्हा दुकानदाराने आधी विचारले होते, ‘मोटार किती एचपीची, आणि खोली किती?’ तुम्ही खोली सांगितलीत, त्याने त्या हिशेबाने जाड केबल काढून दिली, आणि तुम्ही भावात घासाघीस केलीत पण जाडीत केली नाहीत. लांबी वाढली की टोकाला दाब कमी पोचतो, दाब कमी पोचला की मोटार तापते, आणि मोटार जळाली की ती वर काढायला, रिवाइंडिंगला आणि वाळणाऱ्या केळीला मिळून किती पैसे जातात, हे रावेर-यावल पट्ट्यातल्या शाळकरी पोराला तोंडपाठ असते. हे सारे ज्ञान मळ्यातच ठेवून घरी यावे. गाडी काही मोटार नव्हे. तिला एअरबॅग आहेत.

हिशेब करायचाच असेल तर तो असा. एक एमएमच्या पंचवीस मीटर वायरमध्ये करंट जाताना पंचवीस आणि येताना पंचवीस असा पन्नास मीटर चालतो आणि त्या वाटेचा अडथळा जवळजवळ एक ओहम भरतो. पंधरा अँपियर त्यातून गेले की पंधरा व्होल्ट वाटेतच गळतात आणि सुमारे २२५ वॉट उष्णता होऊन वायरमध्ये राहतात. दहा तासांत सव्वादोन युनिट झाले. म्हणजे गल्ली गरम करण्याचे बिलही तुम्हीच भरणार. हीच वायर अडीचची घेतली तर ही उष्णता नव्वद वॉटवर येते आणि चारची घेतली तर साठाच्याही खाली. पण मग माळ्यावरच्या वायरने काय पाप केले आहे?

वायर नेमकी पंचवीस मीटर कधीच नसते, चाळीस असते. उरलेली पंधरा मीटर कापू नये, पुढे-मागे लागते. तिचे सुबक वेटोळे करावे आणि कोणाच्या पायात येऊ नये म्हणून ओट्यावरच्या बाजेखाली, गोधड्यांच्या शेजारी सरकवावे. उघड्यावर पसरलेली वायर आपली उष्णता वाऱ्याला देऊन मोकळी होते. वेटोळ्यात मात्र प्रत्येक फेरा शेजारच्या फेऱ्याला तापवतो आणि मधल्या फेऱ्यांना बाहेर पडायला वाटच राहत नाही. चांगल्या रीळवर म्हणूनच दोन वेगवेगळे वॉट लिहिलेले असतात, गुंडाळलेल्या स्थितीत कमी आणि पूर्ण उलगडल्यावर जास्त. ते वाचू नये, अक्षर फार बारीक असते. साध्या पीव्हीसी वेष्टणाची मर्यादा सत्तर अंशांची. जिथे हवाच वीस अंशांवर असते तिथल्या वायरला तापायला पन्नास अंश मोकळे मिळतात. भुसावळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना तुमच्या वायरला पंचवीसच मिळतात, आणि ती पत्र्याला टेकून गेली असेल तर तेवढेही नाहीत.

आता जोड. दोन तुकडे जोडताना पीळ मारावा, त्यावर काळी टेप गुंडाळावी आणि टेप संपली तर केळीच्या घडावरची प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. चार्जरचा जाड पिनांचा थ्री-पिन टॉप घरातल्या पाच अँपियरच्या भोकात बसत नाही, यासाठी बाजारात कन्व्हर्टर नावाची छोटी वस्तू मिळते. जाड पिनेतून बारीक भोकात जाता येते, हे तिने सिद्ध केले आहे. करंटचे काय होते ते करंटने पाहावे. सैल बसलेल्या पिनेपाशी एक दशांश ओहम इतकाच अडथळा असला, तरी पंधरा अँपियरला तिथे बावीस-तेवीस वॉट तयार होतात. रेडिओ दुरुस्तीवाल्याचे डाग मारायचे सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचे असते. म्हणजे तुम्ही रात्रभर प्लॅस्टिकच्या डबीत एक तापलेले सोल्डरिंग आयर्न ठेवून झोपणार आहात, आणि तेही फुकट.

यावर कोणी म्हणेल की तसे काही झाले तर एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारी बोर्डावरची खटकी, पडेलच. एमसीबीवर असा विश्वास ठेवणाऱ्यांची मला नेहमी असूया वाटते. सोळा अँपियरच्या एमसीबीच्या दृष्टीने पंधरा अँपियर ही अत्यंत सभ्य गोष्ट आहे. तो करंट पुढे तापलेल्या जोडातून जातो की थंडगार तांब्यातून, हे कळण्याची सोय तिच्यात नाही. गळती पकडणारी आरसीसीबीसुद्धा फेजने गेलेले न्यूट्रलने परत आले की नाही एवढेच पाहते, आणि जळत्या पिनेतूनही ते इमानदारीने परत येते. तरीही एमसीबी पडलीच, तर बत्तीसची बसवावी किंवा जुने किटकॅट, म्हणजे चिनी मातीचा फ्यूज, काढून त्यात मांडवाच्याच वायरचे चार धागे पिळून घालावेत.

एवढे सगळे जमवल्यावर चार्जरवर लाल दिवा लागतो. यंत्र म्हणते की अर्थिंग नाही. खरे तर अर्थिंग आहे. आजोबांच्या काळात वायरमनने हिरवी तार अंगणातल्या लोखंडी नळाला बांधली होती आणि ती अजून तशीच आहे. फक्त नळयोजना आली तेव्हा खालचा पाइप प्लॅस्टिकचा झाला. कोळसा-मीठ घालून खड्डा करावा, उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते म्हणून त्यात पाणी ओतत राहावे, ही कामे वेळखाऊ आहेत. गावातला हुशार वायरमन दोन मिनिटांत टॉप उघडतो, न्यूट्रलवरून एक छोटी तार अर्थच्या पिनेला मारतो, दिवा हिरवा होतो आणि तो चहा पिऊन जातो. यंत्राला फसवल्याचा आनंद वेगळाच असतो. पुढे कधी मागच्या बाजूला न्यूट्रल तुटला किंवा कोणी टॉपमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले, तर त्या छोट्या तारेवरून २३० व्होल्ट थेट गाडीच्या पत्र्यावर येतात. त्या वेळी पहाटे सडा घातलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून गाडी पुसायला कोण आलेले असेल, एवढाच प्रश्न उरतो.

पावसाळ्याविषयी फार लिहीत नाही. वायर गटारीच्या कडेने न्यावी, म्हणजे ट्रॅक्टरखाली येत नाही.

काही सधन वाचकांकडे भिंतीवरचा सात किलोवॉटचा चार्जर असतो. तो बत्तीस अँपियर देतो, म्हणजे पंधराच्या दुपटीहून जास्त. पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्यामुळे त्याच वायरला ती साडेचारपट होते. त्याला पुढे जोडायची टाइप-टू, म्हणजे गाडीच्या चार्जिंगच्या खास प्लगची, एक्स्टेन्शन केबल मिळते आणि दिसायलाही ती भारदस्त असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने चार्जिंग स्टेशनांसाठी केलेल्या सुरक्षा विनियमांत मात्र गाडीच्या केबलला आणखी एक केबल किंवा एक्स्टेन्शन जोडू नये, असे लिहिले आहे, आणि सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे असेही. तुमचा जोड तर गटारीच्या काठावर आहे. पण तुमचे घर हे काही स्टेशन नव्हे.

भित्र्या माणसांची पद्धत निराळी असते. ती वायर लांबवत नाहीत, पॉइंटच हलवतात. मीटरपासून निव्वळ गाडीसाठी वेगळी लाइन काढतात, अंतर मोजून चार किंवा सहा एमएमची आर्मर्ड, म्हणजे वरून लोखंडी कवच असलेली, केबल घेतात, ती अडीच फूट खोल चर खणून वाळूत पुरतात आणि वर विटा लावतात, म्हणजे उद्या कुदळ मारणाऱ्याला आधी वीट लागते. या लाइनला स्वतःची एमसीबी, तीस मिलिअँपियरची आरसीसीबी आणि मोजून घेतलेले अर्थिंग असते. टोकाला झाकणाचे औद्योगिक सॉकेट असते, कन्व्हर्टर नसतो. परवानाधारक ठेकेदार शोधतात आणि महावितरणकडे अर्ज करून मंजूर भार वाढवून घेतात. यातले काही जण तर चार्जरवर किंवा गाडीत सोय असेल तर करंट पंधराऐवजी दहावर ठेवतात, त्याने प्रत्येक जोडातली उष्णता निम्म्याहूनही कमी होते, आणि सकाळपर्यंत गाडी भरायची ती भरतेच. दिवसाला चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला पाच-सहा युनिट पुरतात. अशा माणसांच्या गल्लीत बोलण्यासारखे काही घडत नाही.

आमच्या गल्लीत घडले, म्हणून मी अधिकाराने लिहितो आहे. गाडी पुतण्याची, वायर माझ्या माळ्यावरची. मे महिन्यात रात्री साडेअकराच्या सुमारास आईने मला हलवले. ‘ऊठ रे भाऊ, काही तरी जळी ऱ्हायनं.’ माझ्या नाकाला काही लागत नव्हते. चुलीवर उभा जन्म काढलेल्या नाकाला लागले. बाजेखाली हात घातला तर वेटोळे भाकरीच्या तव्यासारखे होते आणि मधले फेरे एकमेकांना चिकटून त्यांची एक वडी झाली होती. बोर्डावरचा टॉप ओढला तर तो निघेना. मेन स्विच पाडून तो उपटला तेव्हा एका पिनेभोवतीचे पांढरे प्लॅस्टिक कढत्या गुळासारखे तपकिरी झालेले दिसले. एमसीबी तोपर्यंत वरच होती. गाडीच्या पडद्यावर चार्जिंग सुरळीत चालू असल्याची खूण हिरवी चमकत होती, आणि अगदी त्या क्षणापर्यंत ते खरोखर सुरळीत चालू होते.

दुसऱ्या दिवशी आलेल्या ठेकेदाराने बोर्डाकडे पाहिलेही नाही. त्याने विचारले, ‘किती लोड, आणि किती लांब?’ बोअरवाल्या दुकानदाराचा तोच प्रश्न ऐकून मला ओशाळल्यासारखे झाले. सार्वजनिक गल्लीतून केबल पाराकडे न्यायला नगरपरिषदेची परवानगी लागेल, ती कोण आणणार, असेही त्याने विचारले. मग घराच्या मागे फिरून त्याने आमचे खळे पाहिले. मागच्या रस्त्याने तिथे ट्रॅक्टर येतो, म्हणजे गाडीही येते. फक्त ज्वारीच्या कडब्याची गंजी हलवायची होती. गाडी जागची हलू शकते, हा तिचा मुख्य गुण आम्हा चार मोठ्या माणसांच्या ध्यानात आला नव्हता. आता खळ्याच्या भिंतीवर, कंबरेच्या उंचीला सॉकेट आहे आणि मीटरपासून तिथवर बावीस मीटर केबल जमिनीखालून गेली आहे. चर खणताना आईने उकरलेली माती चाळून तुळशीला घातली.

माळ्यावरच्या वायरचा जळालेला भाग कापून टाकल्यावर चांगली वीस मीटर उरली. श्रावणात शेजारी कानबाई देवी बसली तेव्हा शेजारच्यांनी ती मागून नेली. तिच्यावर एलईडीच्या चार माळा लावल्या होत्या, मिळून चाळीस वॉटच्या. मी दोनदा हात लावून पाहिला, गार होती.