चारही बाजूंनी मारून टाका म्हणे!

आज दुपारी अडीच वाजता एका भल्या माणसाने मला 'सरकारी जावई' म्हटलं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू आहे. मी वेल्डर, रस्त्यावर उकिडवा बसलेलो, हातात कोपरापर्यंत चामड्याचे मोजे, अंगात जाड शर्ट, तोंडासमोर काळी काच. राजेहो, नागपुरात मे महिन्यात जावयाला कसं ठेवतात ते मला माहीत आहे. कूलरसमोर बसवतात आणि आमरसाची वाटी रिकामी होऊ देत नाहीत. ४५ डिग्रीत जावयाला लोखंडाजवळ शेकत बसवणारं सासर कुठे असेल तर मला एकदा दाखवा.

झालं असं. पावसाळ्याआधीची सफाई सुरू आहे. नालीवरच्या जाळ्या उघडतात, गाळ काढतात, पुन्हा लावतात. ज्या गायब झाल्या त्यांच्या जागी नव्या बसवायला आमची गाडी फिरते. मी, एक हेल्पर, मागे जनरेटर. या गल्लीतली जाळी वर्षभरात तिसऱ्यांदा गेली. लोखंड आहे, भंगारात किलोने जातं. मी नवी ठेवली, वेल्डिंगचे दोन टाके मारले आणि खालून साखळी घालून चौकटीला जोडत होतो, तेवढ्यात बर्म्युडातले साहेब बाहेर आले.

"काय भाऊ, दोनच टाके? चारही बाजूंनी मारून टाका न. कटकटच संपते."

मी म्हटलं, साहेब, चारही बाजूंनी मारली तर गाळ काढायला उघडणार कशी?

"ते तुमचं तुम्ही पाहा." मग जावई, टॅक्स, फुकटचा पगार, सगळं निघालं. आणि मोबाइल निघाला.

काहून बे? मला वेल्डिंग येत नाही म्हणून दोनच टाके मारतो का मी? आळशी माणूस साखळी लावत बसत नाही, दोन टाके मारून पुढच्या टपरीवर चहा पितो. हाव, आमच्यात तसेही आहेत, मान्य. तुमच्या बँकेत नाहीत का?

आयटीआयमध्ये एक वर्ष जोड मजबूत कसा करायचा तेवढंच शिकलो. करंट किती, रॉडचा कोन किती, स्लॅग, म्हणजे वेल्डिंगचा मळ, आत राहू द्यायचा नाही. जोड मुद्दाम कच्चा कुठे ठेवायचा, हे मी एका काकूंच्या दारात शिकलो. त्यांच्या घराचं नुकसान करून शिकलो.

अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला एक गल्ली आहे. नाव सांगत नाही. काकूंच्या फाटकासमोरची जाळी दोनदा चोरीला गेली. दुसऱ्या वेळी त्यांच्या नातवाची सायकल त्या भोकात गेली, पोट्ट्याची हनुवटी फुटली. मी तिसरी बसवायला गेलो तर काकूंनी आधी माठातलं पाणी दिलं, मग म्हणाल्या, "बाबू, आता पक्की करून दे न. कोणाच्या बापाला निघाली नाही पाहिजे."

माझ्याने नाही म्हणवलं नाही. मारली. चारही बाजूंनी, सलग, आठ रॉड जाळले. वरून ग्राइंडर फिरवला. इतकी सरळ लाइन आली होती की फोटो काढून बायकोला दाखवला. ती म्हणाली, नालीचा फोटो काय दाखवता जेवताना.

पुढे सफाईवाले आले असतील, सब्बल घालून पाहिली असेल, हलली नाही म्हणून पुढच्या जाळीकडे गेले असतील. त्यांना काय बोलणार? ते छन्नी घेऊन माझं वेल्डिंग तोडत बसणार होते का?

आणि मग २३ सप्टेंबर २०२३. ती पहाट नागपूरकराला काय सांगायची. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, नाग नदीचं पाणी लोकांच्या बेडरूममध्ये, लष्कराला बोलवावं लागलं. सकाळी आम्ही त्या भागात होतो. आजूबाजूचं पाणी हळूहळू उतरत होतं आणि काकूंच्या फाटकासमोर गुडघाभर तसंच उभं. त्याच्या खाली माझी जाळी.

पाण्याखाली आपला गॅस कटर काही कामाचा नाही. करंटवरचा ग्राइंडर पाण्यात उभं राहून चालवायचा तर आधी घरी सांगून यावं लागेल. राहिली छन्नी आणि हातोडी. पाय पाण्यात, हात पाण्यात, बोटांनी चाचपत चाचपत मी माझीच ती सरळ लाइन तोडली. पाऊण तास लागला. एवढं पक्कं काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल. जाळी निघाली तर खाली गच्च गाळ, पन्नी, नारळाच्या करवंट्या, कोणाची तरी चप्पल. घमेल्यांनी उपसला तेव्हा कुठे पाणी गुडगुड करत खाली गेलं.

काकू ओट्यावर उभ्या. आत फ्रिज आडवा पडलेला. काकांच्या पेन्शनचे कागद दोरीवर वाळत घातलेले, कपड्यांना लावतो तशा चिमट्यांनी.

मला सगळे सांगतात, अख्खा तलाव ओसंडला तिथे तुझ्या एका जाळीने काय होणार होतं? बरोबर आहे. पाणी आलंच असतं. पण बाजूच्या गल्लीतलं लवकर गेलं आणि काकूंच्या दारातलं दुपारपर्यंत राहिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "तू तर मी सांगितलं तसंच केलं न रे." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून साहेब, तुम्ही कितीही ओरडा, मी दोनच टाके मारतो. सफाईवाल्याने छन्नीने दोन ठोके दिले की सुटले पाहिजेत. चोरालाही तेवढेच ठोके लागतात, हेही खरं. त्यासाठी साखळी, आणि जमलं तर एका बाजूला बिजागरी. पण रात्री दोन वाजता लोखंडावर ठाकठाक सुरू असतो तेव्हा अख्खी गल्ली झोपेचं सोंग घेते. खिडकी उघडून एकदा "कोण आहे बे" एवढं म्हणायला काय जातं? झाकणं सिमेंटची करता येतात, तशी केलीही जातात, भंगारवाला त्यांना विचारत नाही. पाणी आत घ्यायचं तर मात्र भोकं असलेली लोखंडी जाळीच लागते. जुनी बिडाची झाकणं तर आणखी वेगळी डोकेदुखी. बिडाला साधा रॉड मारला की थंड होता होता टाक्याच्या कडेने तडकतं, आणि लोक म्हणतात वेल्डरने काम बिघडवलं. जाऊ द्या, तो विषय काढला तर पहाट होईल.

मी हे टाइप करायला बसलो तेव्हा डोकं इतकं तापलं होतं की त्या माणसाचं घर कोणतं तेही लिहिणार होतो. बायकोने फोन काढून घेतला, ताक दिलं, मग परत दिला. आता एक गोष्ट वेगळीच टोचते आहे. तो व्हिडिओ काढत होता तेव्हा मी साखळीची कडी चौकटीला मारत होतो. तो तीन-चार फुटांवर उभा, मोबाइल छातीशी, आणि डोळे सरळ आर्ककडे, म्हणजे वेल्डिंगच्या त्या झगझगीत उजेडाकडे. मी दोनदा ओरडलो, साहेब, तिकडे पाहू नका. तो म्हणाला, "घाबरले का?" आणि अजून पुढे आला. चांगली दोन मिनिटं पाहत होता.

आर्क लागली की लगेच काही होत नाही. सहा-आठ तासांनी सुरू होतं. डोळ्यात मूठभर वाळू टाकल्यासारखं, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. मला हेल्पर असताना दोनदा झालं आहे, भिंतीकडे तोंड करून रात्र काढली आहे.

व्हिडिओ फिरत असेलच. कोणाच्या ग्रुपवर आला असेल आणि हे साहेब कोणाच्या ओळखीचे असतील तर त्यांना निरोप द्या. डोळे चोळायचे नाहीत. दूध, गुलाबजल, बटाट्याच्या चकत्या, लोक काहीही सांगतील, काही घालायचं नाही. थंड पाण्याची ओली पट्टी ठेवा, खोलीत अंधार करा, सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. एक-दोन दिवसांत उतरतं बहुतेक.

साडेदहा वाजले. त्यांचं सुरू झालं असेल आता.