नकाशावर रक्ताचा डाग नव्हता, अप्पा

अंबाजोगाईहून अप्पांचा फोन आला. "वरच्या खोलीतल्या पोराला महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलंय." पोरगा गेवराईचा, मुसलमान. दोन वर्षांपासून राहतोय, भाडं कधी थकवलं नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या रात्री दवाखान्यात तोच थांबला होता. कारण विचारलं तर अप्पांनी एक मेसेज पाठवून दिला. तो आता आमच्या नात्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपवर फिरतोय. म्हणे, मराठवाडा स्लीपर सेलचं माहेरघर आहे. २६/११ चे नकाशे इथल्याच लोकांनी पुरवले. पाकिस्तान सरकारचा हात वगैरे राजकारण्यांच्या गप्पा, खरा शत्रू शेजारी राहतो. म्हणून 'त्यांना' घर देऊ नका.

नकाशाचंच आधी घेतो, कारण सगळा मेसेज त्याच्यावर उभा आहे. २६/११ च्या खटल्यात कसाबबरोबर दोन भारतीय आरोपी होते. हाताने काढलेला नकाशा त्यांच्यामार्फत हल्लेखोरांपर्यंत गेला आणि गिरगाव चौपाटीवर मारल्या गेलेल्या कसाबच्या साथीदाराच्या, अबू इस्माईलच्या खिशात सापडला, असा आरोप होता. इस्माईलचे कपडे रक्ताने भिजलेले, आणि कागदावर रक्ताचा एक डाग नाही, चुरगळलेला नाही! विशेष न्यायालयाने त्यावर विश्वास ठेवला नाही. दोघंही सुटले. उच्च न्यायालयात तेच झालं. २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली आणि त्याच निकालात या दोघांची सुटकाही कायम ठेवली. हल्ला चालू असताना पाकिस्तानात बसलेले लोक फोनवरून 'आता हे करा, आता ते करा' सांगत होते, ते संभाषणही त्या निकालात छापलेलं आहे. १६६ माणसं गेली. कुणाच्या सांगण्यावरून, ते तिथे वाचायला मिळतं. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकाने तरी ते उघडून पाहिलंय का?

मग ठिकाणांची टेहळणी कुणी केली? डेव्हिड हेडलीने. अमेरिकी पासपोर्टवर यायचा, मुंबईत ऑफिस थाटलं होतं. पाकिस्तानच्या गुप्तचर संस्थेतल्या, आयएसआयच्या 'मेजर इक्बाल'ने २५,००० डॉलर दिले, असं त्याने शिकागोच्या कोर्टात शपथेवर सांगितलं. पैसा, प्रशिक्षण, समुद्रातून यायची सोय, हे सरकारी यंत्रणेचा हात असल्याशिवाय जमत नाही. शेजाऱ्याकडे बोट दाखवलं की ती यंत्रणा नामानिराळी राहते.

२६/११ चा आणखी एक आरोपी अबू जुंदाल गेवराईचा, हे मात्र खरं. नाकारता येत नाही. मे २००६ मध्ये औरंगाबादच्या शस्त्रसाठा प्रकरणात ३० किलो आरडीएक्स आणि १० एके-४७ सापडल्या, तो निसटला, पुढे पाकिस्तानात पोचला. २०१२ मध्ये सौदीने त्याला परत पाठवलं, जन्मठेप झाली. पण त्याच खटल्यात २०१६ ला १२ जण दोषी ठरले तसे ८ जण निर्दोषही सुटले. त्यांचं नाव मेसेजमध्ये नाही. आणि एका जुंदालवरून अख्खी गेवराई?

बाकी 'माहेरघर' वगैरेला ना आकडा, ना आधार. त्यावर वेळ घालवत नाही.

सरकारच्या आशीर्वादाने चालणारी सशस्त्र टोळी कशी असते, हे खरं तर मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. निजामाचं राज्य पाठीशी होतं तोवर माजले. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य पाच दिवसांत कोसळलं आणि टोळीही संपली. त्यांच्याविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्टमध्ये मारला गेलेला संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होता. आणि नंतर उस्मानाबाद, नांदेडकडे रझाकारांचा सूड ज्यांच्यावर उगवला त्यांत निरपराध मुसलमान किती होते, ते केंद्र सरकारने पाहणीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीने लिहून ठेवलंय. अप्पा, तुम्हीच लहानपणी आजीकडून ऐकलेलं मला सांगायचात. शेजारच्या मुसलमान घरात ती लपली होती, रझाकार गावात आले तेव्हा.

शनिवारी मी अंबाजोगाईला येतोय. निकालातली नकाशाची पानं छापून घेतलीत, मोठ्या अक्षरात, तुम्हाला चष्म्याने नीट वाचता यावीत म्हणून. आई सांगत होती, पोराने कुकर आणि पुस्तकं खोक्यात भरायला घेतलीत. मी येईपर्यंत त्याला थांबायला सांगा.