लाकडाची चीर बुजवू नका

लाकडी शिल्पाला चीर पडली की आपल्याकडे लगेच भुसा आणि फेविकॉल कालवून ती बुजवतात, वर पॉलिश मारतात. कृपा करून असं करू नका.

ओल साधारण 30 टक्क्यांच्या खाली उतरली की लाकूड आकसू लागतं, पण सगळीकडून सारखं नाही. घेराच्या दिशेने ते जेवढं आकसतं, त्याच्या जेमतेम निम्मं केंद्राच्या दिशेने. घेर आवळतो, आतलं तेवढं लहान होत नाही, मग सालीपासून गाभ्यापर्यंत उभी चीर जाते. पावसाळ्यात लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं आणि चीर मिटू पाहते. तिथे तुमची भुसा-फेविकॉलची कडक लांबी, म्हणजे भरण, बसलेली असते. लाकूड तिच्यावर दाबलं जाऊन काठाचे तंतू चिरडतात, आणि एप्रिलमध्ये लांबीच्या शेजारीच नवी फट उघडते. फेविकॉलचा दोष नाही. मिटायला जागाच ठेवली नव्हती.

सांभाळायचं ते आधी. ओंडका कापल्याबरोबर दोन्ही तोंडांना मेण किंवा फेविकॉलचा जाड थर द्या, कारण पाणी तिथूनच सगळ्यात भराभर निघतं. शक्य असेल तर ओंडका उभा फाडून गाभा काढून टाका. मूर्ती अखंड हवी असेल तर पाठीमागून पोकळ करा. जपानमधले बुद्धमूर्ती घडवणारे शतकानुशतकं हेच करत आले. तेही नको असेल तर पाठीवर गाभ्यापर्यंत करवतीचा एक उभा काप द्या, म्हणजे लाकूड बहुधा तिथेच उघडतं आणि चेहरा वाचतो. सावलीत, वारा खेळेल असं ठेवा. इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब अजून चालतो.

एवढं करूनही चीर येऊ शकते, आणि ती शिल्पाचाच भाग आहे असं मी मानतो. ब्रिटिश शिल्पकार डेव्हिड नॅश यांनी 1978 मध्ये वेल्समध्ये ‘वूडन बोल्डर’ नावाचा ओकचा मोठा गोळा घडवला. ओढ्यातून खाली न्यायचा होता, वाटेत अडकला. त्यांनी तो तिथेच राहू दिला. पुढची पंचवीस वर्षं पुरांनी त्याला थोडं थोडं पुढे नेलं, लाकूड काळवंडलं, आणि 2003 मध्ये तो खाडीत दिसेनासा झाला. वूडन बोल्डर म्हणजे तो गोळा तर आहेच, पण तो ओढा आणि तो पाऊसही आहे. आपल्या हवेने पाडलेली चीर बुजवताना आपण नेमकं हेच पुसून टाकतो.

चीर वाढतेय का हे बघायचं असेल तर तिच्या टोकाशी पेन्सिलीने बारीक रेघ मारून तारीख लिहा. जूनमध्ये एकदा, मग थेट एप्रिलमध्ये.