अर्ध्या जीबीचा अपमान

परवा नागपुरात बर्डीला, मोदी नंबर तीन या गल्लीतल्या एका मोबाइलवाल्यानं चार लोकांसमोर माझा फोन नापास केला. मागणं काही मोठं नव्हतं. डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले की मला थोडा वेळ धड दिसत नाही. तेवढ्या वेळात ‘बहिणीला फोन लाव’ म्हटलं तर यानं लावावा. भाच्याचा फोन लावतो. माझा थंड.

काउंटरवरच्या पोरानं फोन उलटासुलटा केला. ‘याच्यात नाही होत न भाऊ. रॅमच नाही.’

विषय इथेच संपला असता. पण शेजारी स्क्रीनगार्ड लावून घ्यायला एक काका बसले होते. पायजमा, डोक्याला दुपट्टा, मांडीवर संत्र्यांची पिशवी.

‘काऊन नाई होत? ऐकत नसन तर जोरानं बोला लागते.’ त्यांनी माझा फोन उचलला, तोंडापाशी नेला आणि सगळी गल्ली वळून पाहील अशा आवाजात ओरडले, ‘ओके गूगल!’

माझा फोन गप्प. काउंटरवर पडलेला काकांचा फोन मात्र ‘टुंग’ करून उजळला.

‘तुले नाई म्हटलं बे, याले म्हटलं!’ काका त्याच्यावर खेकसले. फोनमधली बाई नम्रपणे म्हणाली, तिला ते समजलं नाही. ‘तुले समजाचं कामच नाई, तू चूप बस.’ मग माझ्या फोनला समजावणीच्या सुरात, ‘हे पाय राजा, भाऊच्या डोयाले त्रास आहे. बहिणीले फोन लाव.’ तिकडून काकांच्या फोनवर रिंग जायला लागली. पलीकडून त्यांची बहीण, बहुतेक अमरावतीची. काकांनी तिला माझ्या डोळ्यांपासून फोनच्या रॅमपर्यंत सगळं सांगितलं. जेवण झालं का, तेही विचारलं. पोरगा गार्ड हातात धरून उभा. माझा फोन काकांच्या दुसऱ्या हातात, आणि त्याची बॅटरी बहात्तर टक्के. हे मुद्दाम सांगतो, कारण पोरगा म्हणाला होता, ‘आता हा खतम आहे.’

खतम कसा? काच शाबूत आहे, आवाज स्वच्छ येतो. अडलंय कुठे, ते ऐका. बोललेलं ऐकून काम करतं ते गूगल असिस्टंट. त्याची अट अशी होती की अँड्रॉइड ५.० असेल तर १ जीबी मेमरी, म्हणजे ती रॅम, चालत होती, पण ६.० असेल तर दीड जीबी लागत होती. माझ्याकडे एक. फोन घेतला तेव्हा त्यात ५.० होतं. ‘अपडेट करा, अपडेट करा’ म्हणून फोन उठता-बसता मागे लागला, म्हणून मुकाट्यानं केलं. २०१७च्या सुरुवातीला हे असिस्टंट ६.० वाल्यांना मिळालं, डिसेंबरात ५.० वाल्यांनाही. म्हणजे ज्यानं आळस केला तो पास, आणि सांगितलेलं ऐकणारा अर्ध्या जीबीनं नापास! २०१८मध्ये असिस्टंट मराठी शिकलं, त्याचाही मला उपयोग शून्य. आता त्याच्या जागी गूगलवाले त्यांचंच नवं जेमिनी आणताहेत. त्याला अँड्रॉइड १० आणि २ जीबी हवे. आपण गाठेपर्यंत ही रेघ पुढे सरकलेली असणार, हे मी लिहून देतो.

आमच्या घरचा कूलर या फोनच्या दुप्पट वयाचा आहे. दर एप्रिलमध्ये पंप पाहायचा, खस बदलायची, पाणी भरायचं, की सुरू. ‘तुमचा कूलर या उन्हाळ्याशी सुसंगत नाही’ असं त्यानं कधी म्हटलं नाही. फोनला मात्र अर्धा जीबी बसवून मागितला तर पोरगा हसतो. हसण्यासारखं काय आहे त्यात? पैसे तर मी देणार होतो!

वर त्यानं चेकिंगचे पन्नास रुपये मागितले. ‘काऊन?’ काका मध्ये पडले. ‘फोन तर बोललाच नाई. बोललो मी.’ शेवटी तीस ठरले. खिशात पाचशेची नोट, पोराकडे सुट्टे नाहीत, आणि पैसे पाठवायचं ॲप माझ्या फोनवर कधीच बंद पडलेलं. काकांनी त्यांच्या फोनवरून दिले. ‘नंतर देजो,’ म्हणत माझा नंबर घेतला आणि कीबोर्डचा माइक दाबून नाव बोलले: ‘बहिरा फोनवाला, तीस रुपये बाकी.’

त्यांच्या फोननं ते एका दमात, काना-मात्रेसकट बरोबर लिहिलं.