सत्तरीत मेंदू ‘पूर्ण ताकदीने’ चालतो म्हणे!

जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे संचालक म्हणे सांगतात, की माणसाचा मेंदू खरा चालायला लागतो तो सत्तरीत. साठीनंतर डावा आणि उजवा असे दोन्ही मेंदू एकदम वापरता येतात, मायलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) वाढतं, बुद्धी 300 टक्क्यांनी वाढते, मेंदूच्या पेशी मरत नाहीत. विसरायला होतं ते डोक्यात माहितीची गर्दी झाल्यामुळे. नीट राहिलात तर ऐंशी-नव्वदीत बुद्धी शिखरावर! खाली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकाचं नाव आणि ‘सर्व ज्येष्ठांना पाठवा’ अशी विनंती. ज्येष्ठ नागरिक संघाचा ग्रुप असो की शाळेच्या जुन्या बॅचचा, हा मजकूर फिरून फिरून येतोच.

वाचून बरं वाटतं, नाही कशाला म्हणू. पण यातली बरीच वाक्यं चूक आहेत आणि काही तर धोक्याची. एकेक घेऊ.

आधी हे संचालक. मजकुरात त्यांचं नाव नाही, लेखाचं साल नाही. त्या विद्यापीठात जीन कोहेन नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. उतारवयातल्या सर्जनशीलतेवर त्यांनी बरंच काम केलं. रोख बहुधा त्यांच्याकडे असावा. पण ते वार्धक्यविषयक केंद्र चालवत, वैद्यकीय महाविद्यालय नव्हे, आणि 2009 मध्येच वारले. मजकुरात दुसरं नाव येतं ते मॉन्ट्रियलच्या ‘मोंची युरी’ यांचं. हे संशोधक खरे आहेत, फक्त नाव उलटं झालंय: ऊरी मोंची. त्यांच्या गटाच्या एका छोट्या प्रयोगात दिसलं ते एवढंच, की चूक झाली तर तरुणांचा मेंदू लगेच खडबडून जागा होतो आणि ज्येष्ठांचा मेंदू पुढचा निर्णय घ्यायची वेळ येईपर्यंत ऊर्जा राखून ठेवतो. यावरून बुद्धी चौपट कशी झाली, ते फॉरवर्ड करणाऱ्यालाच ठाऊक. (300 टक्क्यांनी वाढणं म्हणजे चौपट होणं. इतका हिशेबही कुणी केलेला दिसत नाही.)

आता सत्तरीतलं शिखर. याला थोडा आधार आहे, आणि तो मजकुरापेक्षा जास्त गमतीदार आहे. हार्टशॉर्न आणि जर्मीन या दोन संशोधकांनी 2015 मध्ये हजारो लोकांच्या चाचण्यांवरून दाखवलं, की बुद्धीला एकच शिखर नसतं. माहिती झटपट हाताळण्याचा वेग अठरा-एकोणिसाव्या वर्षीच सर्वांत जास्त असतो. तात्पुरतं लक्षात ठेवण्याची क्षमता पंचविशीच्या आसपास. समोरच्याच्या डोळ्यांवरून त्याचं मन ओळखणं चाळिशी-पन्नाशीत. आणि शब्दसंग्रह मात्र साठी उलटून गेल्यावर, सत्तरीच्या उंबरठ्यावर. म्हणजे शब्दकोड्यात आजोबा नातवाला हरवतात ते खरंच, पण ‘मेंदू पूर्ण ताकदीने’ असं त्याला कुणी म्हणत नाही.

दोन्ही मेंदू एकदम वापरण्यासाठी साठीची वाट बघावी लागत नाही. दोन अर्धगोलांना जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा जन्मापासूनच असतो आणि तो दिवसरात्र कामात असतो. मेंदूचे अभ्यासक रॉबर्टो काबेझा यांनी 2002 मध्ये मांडलेलं निरीक्षण मात्र खरं आहे: तरुणांच्या मेंदूचा एकाच बाजूचा पुढचा भाग ज्या कामाला पुरतो, त्याच कामासाठी ज्येष्ठांचे अनेकदा दोन्ही बाजूंचे भाग चालू होतात. त्याचा एक प्रमुख अर्थ असा लावला जातो, की एक बाजू पुरी पडत नाही म्हणून दुसरी मदतीला येते. मेंदूची ही हुशारीच आहे, पण ती कमतरता भरून काढण्याची. मायलिनचंही तसंच. मध्यमवयानंतर ते वाढत नाही, हळूहळू कमी होतं. 300 टक्क्यांबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही, कारण असला आकडा कुणी मोजलेलाच नाही.

पेशींबद्दलचा मुद्दा मला सर्वांत खटकतो. निरोगी म्हातारपणात पेशी पूर्वी समजत होते तितक्या झपाट्याने मरत नाहीत, हे बरोबर. पण मजकूर पुढे म्हणतो, की डोक्याला काम दिलं नाही म्हणून जोडण्या तुटतात, बस्स. अल्झायमरमध्ये पेशी मरतात. भरपूर वाचन-लेखन करणाऱ्यांच्याही मरतात. भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना, म्हणजे जवळपास 88 लाख जणांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश; अल्झायमर हा त्याचाच मुख्य प्रकार) असावा, असा राष्ट्रीय पाहणीवर आधारलेला अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी हा मजकूर पोचला तर त्याचा अर्थ काय होतो? आईने डोकं चालवलं नाही म्हणून तिला हे झालं. दिवसरात्र तिची काळजी घेणाऱ्या सुनेला किंवा मुलीला हे वाचायला लावणं निर्दयपणाचं आहे.

डोक्याला काम देण्याचा उपयोग नाही, असं नाही. शिक्षणामुळे आणि आयुष्यभराच्या बौद्धिक कामामुळे एक शिल्लक तयार होते आणि लक्षणं उशिरा दिसतात. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी 648 डिमेन्शियाग्रस्तांचा अभ्यास केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला, अगदी निरक्षरांमध्येसुद्धा. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत असं दिसलं नाही, पण सोलापूर-बेळगावकडच्यांनी थोडं खूश व्हायला हरकत नाही. मोबाइलवरचे ‘मेंदूचे खेळ’ मात्र वेगळे. ‘ल्युमॉसिटी’ हे असे खेळ विकणाऱ्या कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल 2016 मध्ये अमेरिकेत 20 लाख डॉलर मोजावे लागले. त्या खेळांनी माणूस त्या खेळात तरबेज होतो, हे नक्की.

‘निरोगी जीवनशैली ठेवा’ एवढं एकच वाक्य मजकुरात बरोबर आहे, आणि नेमकं तेच तो एका ओळीत उरकतो. मेंदूसाठी जे खरंच करता येतं ते दिसायला कंटाळवाणं आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये टाळता येण्याजोगी 14 कारणं मांडली आणि जगातल्या सुमारे 45 टक्के डिमेन्शियाचा संबंध त्यांच्याशी जोडला. त्यात रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, तंबाखूचा धूर, दारू, बैठं आयुष्य, एकटेपणा, नैराश्य, प्रदूषित हवा, डोक्याला मार हे सगळं आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींची काळजी चाळिशीतच घ्यायची असते. गोळी घेऊन वरचा दाब 120 च्या खाली ठेवलेल्यांमध्ये, 140 च्या खाली ठेवलेल्यांच्या तुलनेत, स्मरणशक्तीची सौम्य घसरण 19 टक्क्यांनी कमी आढळली. हा 2019 चा मोठा अमेरिकी प्रयोग. (म्हणून आपली गोळी आपणच वाढवू नये, चक्कर येऊन पडाल.)

आणि कान. त्या 14 कारणांत ऐकू कमी येणं अगदी वरच्या स्थानी आहे. आपल्याकडे त्याची चेष्टा होते, टीव्हीचा आवाज वाढतो, माणूस हळूहळू गप्पांतून बाजूला होतो आणि हजारो रुपयांचं श्रवणयंत्र ‘कुई कुई करतं’ म्हणून कपाटात पडून राहतं. 2023 च्या एका प्रयोगात सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या 977 लोकांपैकी निम्म्यांना श्रवणयंत्रं दिली. सरसकट फरक पडला नाही. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्यात तीन वर्षांतली घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. यंत्र नीट जुळवून घ्यायला ऑडिओलॉजिस्टकडे दोन-चार खेपा माराव्या लागतात. त्या माराव्यात.

चालण्याबद्दल वेगळं सांगायला नको. फिनलंडमध्ये 1,260 ज्येष्ठांना आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि दाब-साखरेवर लक्ष हे सगळं एकत्र दिलं, तेव्हा दोन वर्षांत साध्या सल्ल्यापेक्षा जास्त फायदा दिसला. स्मरणशक्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या जिंको या वनस्पतीच्या गोळ्यांनी मात्र पंचाहत्तरीपुढच्या तीन हजारांहून जास्त लोकांवरच्या प्रयोगात डिमेन्शिया रोखला नाही.

शेवटचा मुद्दा: विसरणं म्हणजे माहितीची गर्दी. चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, यात काही विशेष नाही. पण रोजच्या रस्त्यावरून घरी येताना वाट चुकणं, दूध उतू जाऊन गॅस तसाच राहणं, पैशांचा हिशेब अचानक न जमणं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारणं, याला गर्दी म्हणू नये. यातली काही कारणं चक्क दुरुस्त होतात. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता सर्रास असते आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ती आणखी वाढते. थायरॉइड कमी पडलेला असतो. झोपेच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी डोकं जड झालेलं असतं. कधी बाथरूममध्ये पडल्यावर काही आठवड्यांनी कवटीच्या आत रक्त साचून माणूस गोंधळतो, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. सुरुवात नेहमीच्या फिजिशियनपासून करता येते. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत आणि घरातलं एक माणूसही, कारण काय काय विसरायला होतं ते विसरणाऱ्याला सांगता येत नाही.