कॅल्शियमची बाटली का दिली नाही: ताईंच्या एक स्टार रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू रात्री दुकान बंद केल्यावर वाचला, सकाळी पुन्हा वाचला. तुमच्या तक्रारी अशा: चार महिन्यांच्या लॅब्रॅडॉरसाठी कॅल्शियमची बाटली मागितली तर दिली नाही. महागडं ‘लार्ज ब्रीड पपी’ फूड गळ्यात मारलं, त्यानं दोन दिवसांत जुलाब लागले आणि 3 किलोची पिशवी आठवड्यात संपली. ‘ग्रेन फ्री’, म्हणजे बिनधान्याचं फूड मागितलं तर नको म्हणाले. सुटं एक किलो मागितलं तर तेही नाही, आणि वर ग्राहकालाच शहाणपण शिकवतात.

जुलाबांपासून सुरुवात करतो, कारण त्यात चूक आमची आहे.

काल तुमचे मिस्टर दुकानावर आले होते. त्यांना विचारूनच हे लिहितोय. ब्रुनोला किती खायला घालता म्हटल्यावर ते म्हणाले, “एक वाडगा, तीन वेळा.” मी त्यांना तो वाडगा घरून आणायला लावला. स्टीलचा, साधा, आपण आमटीला घेतो तसला. त्यात काठोकाठ फूड भरून काट्यावर ठेवलं तर 150 ग्रॅम भरलं. म्हणजे दिवसाला 450 ग्रॅम. ब्रुनोचं वजन आमच्याकडे 14 किलो लिहिलेलं आहे. त्या वजनाच्या आणि वयाच्या पिल्लाला हे फूड दिवसाला साधारण 280 ग्रॅम पुरतं. पाकिटामागच्या तक्त्यात आकडा आहे तो दिवसभराचा, एका वेळचा नाही. तो दोन किंवा तीन जेवणांत वाटायचा असतो. हे आमच्या पोरानं तुम्हाला सांगायलाच हवं होतं. त्यानं नुसतं “पाकिटावर लिहिलंय बघा” म्हणून पिशवी हातात दिली.

दुसरी चूकही आमचीच. ब्रुनो तोवर दूध-चपातीवर होता. जुनं खाणं एकदम बंद करून नवीन सुरू केलं की पिल्लाचं पोट बिघडू शकतं, मग फूड कितीही चांगलं असू दे. पहिले तीन दिवस पाऊण भाग जुनं आणि पाव भाग नवीन, पुढचे तीन दिवस निम्मं-निम्मं, मग पाव भाग जुनं, आणि दहाव्या दिवसापासून सगळं नवीन, असा बदल करायचा असतो. शी पातळ झाली तर पुढची पायरी न चढता तिथंच दोन दिवस थांबायचं. हे छापलेलं कार्ड आमच्या गल्ल्यापाशीच ठेवलेलं असतं आणि तुमच्या पिशवीत ते पडलं नाही. याबद्दल मनापासून माफी मागतो. ब्रुनोला त्रास झाला, तुम्हाला रात्री दोनला उठून फरशी पुसावी लागली, डॉक्टरांकडे जावं लागलं. डॉक्टरांच्या त्या फेरीचा आणि औषधांचा खर्च दुकान देईल. बिल आणा.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मिस्टर म्हणाले, या सगळ्याच्या जोडीला सकाळ-संध्याकाळ म्हशीचं दूधही चालू होतं. आपण कोल्हापूरकर, गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढलेलं दूध उभ्यानं पिणारी माणसं, दुधानं कुणाचं वाईट होईल हे आपल्याला पटत नाही. पण दुधातली साखर पचवायला लागणारा रस कुत्र्याच्या पिल्लात आईचं दूध सुटल्यावर कमी होत जातो. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पुष्कळांना होतो. म्हशीच्या दुधात स्निग्धांशही भरपूर. दीडपट फूड, अचानक बदल आणि वर दूध, तिन्ही एकत्र आले. दूध आजपासून बंद करून बघा, आणि शी तरीही पातळ राहिली किंवा तीत रक्त दिसलं तर आमची वाट न बघता सरळ डॉक्टरांकडे जा.

आता कॅल्शियमबद्दल. इथं मी माफी मागणार नाही, कारण तुम्ही पुन्हा आलात तरी ती बाटली मी देणार नाही.

कॅल्शियमची बाटली द्यायची पद्धत आपल्याकडे कुठून आली, ते मला माहीत आहे. आमच्या वडिलांच्या वेळेपासून घरोघरी कुत्र्याला चिकन-भात किंवा चपाती-दूध. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. तेवढ्यावर वाढणाऱ्या पिल्लाची हाडं मऊ पडायची, पाय वाकायचे, आणि डॉक्टर कॅल्शियम लिहून द्यायचे. त्या खाण्याला ते औषध बरोबरच होतं. पुढं खाणं बदललं, बंद पिशवीतलं फूड घरात आलं, बाटली मात्र सवयीनं तशीच राहिली. पिल्लू विकणारा माणूस अजून पिल्लाबरोबर बाटलीचं नाव चिठ्ठीवर लिहून देतो. तुमच्या हातातही ती चिठ्ठी होती.

तुम्ही नेलेल्या पाकिटावर ‘कंप्लीट अँड बॅलन्स्ड’ लिहिलंय आणि ते वाढीच्या वयासाठी आहे, असंही लिहिलंय. याचा अर्थ त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं आहे. त्यावर आणखी दिलं की ते जास्त होतं, आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्त कॅल्शियम कमी कॅल्शियमइतकंच नडतं. पूर्ण वाढ झालेलं कुत्रं नको असलेलं कॅल्शियम आतड्यातच अडवतं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लात ही व्यवस्था नीट तयार झालेली नसते, पोटात गेलेलं बरंचसं अंगात जातं. मग कुर्चेचं हाड व्हायचं काम बिघडतं, सांधे दुखतात, पुढचे पाय धनुष्यासारखे वळतात. हॉलंडमधल्या युट्रेख्त विद्यापीठात 1980 च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांना गरजेच्या तिप्पट कॅल्शियम देऊन हे तपासलं गेलं आणि नेमके हेच दोष दिसले. म्हणून अमेरिकेतल्या आफ्को या पशुखाद्याची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात इतर कुत्र्यांच्या फूडमध्ये कॅल्शियमची वरची मर्यादा 2.5 टक्के, पण मोठेपणी 32 किलोच्या आसपास किंवा पुढं जाणाऱ्या पिल्लांच्या फूडमध्ये 1.8 टक्के आहे. दोन्ही आकडे पाणी वगळून. ब्रुनोचे वडील 34 किलोचे आहेत हे तुम्हीच सांगितलंत. ‘लार्ज ब्रीड पपी’ दिलं ते यासाठी. साधं पपी फूड दिलं असतं तर तुमचे पैसे वाचले असते, आणि माझ्याकडे ते शेजारच्याच फळीवर होतं.

तुम्ही म्हणालात, त्याचे पुढचे पाय फाकतात, म्हणून कॅल्शियम हवं. मी त्याला खाली सोडायला सांगितलं, आठवतंय? आमच्या गुळगुळीत फरशीवर त्याची बोटं पसरली आणि पाय बाहेर घसरले. मग दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यावर उभं केलं तर तोच पाय सरळ. घरात स्टाइलची फरशी असेल तर तो जिथं खातो आणि खेळतो तिथं जुनी सतरंजी नाहीतर रबरी मॅट टाका. नखं वाढू देऊ नका. तरीही लंगडला किंवा सांधा सुजला तर डॉक्टर एक्स-रे बघून सांगतील ते खरं. त्यांनी कॅल्शियम लिहून दिलं तर मी त्याच क्षणी देईन. माझ्या अंदाजानं देणार नाही आणि पिल्लू विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर तर नाहीच.

“सारखा भुकेला असतो, म्हणजे या फूडनं पोट भरत नाही,” असंही तुम्ही लिहिलंय. लॅब्रॅडॉरच्या भुकेवर जाऊ नका. केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये आढळलं की जवळजवळ दर चार लॅब्रॅडॉरमागे एकात एका जीनचा तुकडा गळालेला असतो आणि अशी कुत्री खाण्याच्या जास्त मागं लागतात. ताटापाशी बसून डोळ्यांत बघणारं कुत्रं उपाशी असतंच असं नाही. त्याच्या बरगड्यांवरून तळहात फिरवा. दाब न देता बरगड्या हाताला लागल्या आणि वरून बघताना कंबर आत गेलेली दिसली तर खाणं बरोबर आहे. आपल्याकडच्या कारवानीच्या बरगड्या नुसत्या डोळ्यांनाही दिसतात, त्या जातीला ते शोभतं. लॅबच्या दिसू नयेत, पण हाताला लागायलाच हव्यात. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर जन्मभर सांभाळून एक अभ्यास झाला, तो 2002 मध्ये छापून आला. जोडीतल्या एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं. कमी खाणारी कुत्री सरासरीनं जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. गुबगुबीत लॅबचं पिल्लू सगळ्यांना आवडतं, मलाही आवडतं. पण नंतर आठ-नऊ वर्षांचं झालेलं तेच कुत्रं जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतं, ते मी फार वेळा बघितलंय.

पिशवीचा हिशोबही इथंच सुटतो. 450 ग्रॅमनं 3 किलो साडेसहा दिवसांत संपतं, 280 ग्रॅमनं दहा-अकरा दिवस जातं.

‘ग्रेन फ्री’ माझ्याकडे आहे, तरी मी तुम्हाला नको म्हटलं. धान्य कुत्र्याला पचत नाही हे खरं नाही. माणसाबरोबर राहून कुत्र्यात पिष्टमय पदार्थ पचवायची ताकद लांडग्यापेक्षा कितीतरी वाढली आहे, ते 2013 मध्ये जीनच्या पातळीवर दाखवून दिलं गेलं. आपल्या गावागावातली कुत्री भाकरीवरच वाढली. शिवाय 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्यानं, अशा फूडचा आणि कुत्र्यांच्या हृदयाच्या एका आजाराचा काही संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. कारण ठामपणे सिद्ध झालं नाही, पण ब्रुनोला धान्याची ॲलर्जी नसताना त्याच्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही. कुत्र्यांच्या खाण्याच्या ॲलर्जीत गहू येतो, पण बीफ, दूध आणि चिकन त्याच्याही पुढं आहेत.

सुटं फूड आम्ही 2019 पर्यंत विकत होतो. त्या वर्षी महापुराच्या दिवसांत दुकानात पाणी आलं नाही, पण ओल इतकी होती की उघड्या पोत्यातले दाणे बोटानं दाबले तर दबत होते. ते न बघता पोरानं एक किलो बांधून दिलं. ज्या कुत्रीनं खाल्लं, तिला चार दिवस सलाईन लागलं. तिचे मालक मला काही बोलले नाहीत, तेच मला जास्त लागलं. फूडवर चरबीचा थर असतो. पोतं उघडं राहिलं की तो खवट होतो, ओल धरली की बुरशी येते, आणि काही बुरशींचं विष भाजून-उकडूनही जात नाही. सुट्या पिशवीवर बॅच नंबर नाही, तारीख नाही, काही झालं तर कुणाला काय विचारणार? एक किलोची बंद पाकिटं आमच्याकडे असतात. किलोमागं थोडी महाग पडतात हे मान्य.

आणि तुम्हाला घरचंच खायला घालायचं असेल तर तेही सांगा. पिशवीचं फूडच पाहिजे असा माझा हट्ट नाही. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं आहेत, ती घरी शिजवतात आणि त्यांची कुत्री तुकतुकीत आहेत. पण त्यांनी डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घेतलंय, आणि तिथं कॅल्शियम त्या प्रमाणातच येतं. कांदा, लसूण, मनुका आणि शिजवलेली हाडं मात्र कुठल्याच कुत्र्याला नकोत.

माझं बोलणं तुम्हाला शहाणपण शिकवल्यासारखं वाटलं. दुकानात त्या वेळी आणखी चार माणसं उभी होती आणि मी तुम्हाला त्यांच्यासमोर “बाटली नाही मिळणार” म्हटलं. हे बाजूला घेऊन, बसवून सांगायला हवं होतं. त्याबद्दलही माफ करा.

मिस्टरांबरोबर मी एक पारदर्शक कप पाठवलाय. त्याला बाहेरून लाल रेघ आहे, तिथपर्यंत भरलं की 93 ग्रॅम होतं. तीन वेळा तेवढंच द्या. ब्रुनो अजून वाढतोय, त्यामुळे ही रेघ पंधरा दिवसांतच खोटी ठरेल. गुरुवार सोडून कधीही त्याला घेऊन या, काट्यावर उभं करू आणि रेघ वर सरकवून देतो.