आधारवरून सात पिढ्या? तो मेसेज माझाच, जरा थांबा

परवा रात्री मीच ग्रुपवर टाकलेलं की आधार नंबर टाका आणि सात पिढ्यांची वंशावळ मिळवा, आणि आता ते परळपासून डोंबिवलीच्या मावशीपर्यंत फिरतंय, तर ते चुकीचं आहे, सॉरी. आधारमध्ये आपलं नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन, दिला असेल तर मोबाइल नंबर आणि ईमेल, बस्स. पहिलं कार्ड 2010 ला नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं, मग खापरपणजोबा त्यात कुठून येणार? हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. ज्यांनी नंबर टाकलाय त्यांनी आधारच्या अधिकृत ॲपवर बायोमेट्रिक (ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन) लॉक करा.

खरी वंशावळ मिळते ती नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तिथल्या पिढीजात पुरोहितांच्या, वह्यांत, मूळ गाव आणि आडनाव सांगावं लागतं. आमच्या वहीत पणजोबांची मोडी लिपीतली सही आहे, शेवटचं अक्षर शाई सांडून पुसट झालेलं, ते वाचायला काकांना अर्धा तास लागला. तहसीलमध्ये जुनं कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14 पण विचारा, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, बऱ्याचदा मोडीतच.

तो जुना मेसेज प्लीज डिलीट करा, पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.